स्पॅनिशमध्ये 'खा', 'घ्या', 'वाढा' कसं म्हणायचं? (आज्ञार्थ आणि जेवणाचं टेबल)

नळस्टॉपची

मंडळी, स्पॅनिश शिकलेल्यांची आणि तिकडे राहणाऱ्यांची मदत हवी आहे. पुण्यात क्लास लावलाय, ए वन (पहिली पातळी) झालं, ए टू चालू आहे. पावसाळा संपला की आम्ही दोघं आणि सासूबाई व्हॅलेन्सियाला जातोय. नवऱ्याचं तिथल्या विद्यापीठात काम आहे, त्यामुळे भाजी, दूध, हॉटेल, शेजारी हे सगळं मलाच निभवायचंय. परीक्षेपुरतं शिकून भागणार नाही.

सध्या आज्ञार्थ चालू आहे. रूपं पाठ होतायत, पण तोंडातून निघत नाहीत. बारमधला एक संवाद बसवायला दिला होता, त्यात गिऱ्हाईक आत आल्या आल्या म्हणतं, 'पोन्मे उन काफे कोन लेचे.' पोन म्हणजे ठेव किंवा घाल, मे म्हणजे मला. अनोळखी माणसाला थेट 'मला एक दुधाची कॉफी घाल'? आपण टपरीवर 'दोन कटिंग द्या' म्हणतो खरं, पण ते 'द्या' आहे, 'दे' नाही. पुढच्या धड्यात आजी नातवाला 'कोमे, कोमे' करतेय, बाई पाहुण्यांना 'सिर्वान्से' म्हणतेय, दारावर 'एम्पुखार' लिहिलंय आणि पाककृतीत आणखी तिसरंच काहीतरी.

खाण्यापिण्याच्या वेळी ही रूपं तिकडचे लोक खरंच इतकी सर्रास वापरतात का? कुणाशी कुठलं? आणि कोमेर, तोमार, बेबेर, थेनार, पिकार यांत नेमकं कधी काय म्हणायचं?

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. त्याबद्दल काही सुचत असेल तर तेही लिहा.

कारभारी_माद्रिद

'पोन्मे' अगदी बरोबर आहे. इथे काउंटरवर सकाळभर हेच ऐकू येतं: पोन्मे उन कोर्तादो, पोन्मे उना कान्या. (कोर्तादो म्हणजे थोडं दूध घातलेली कॉफी, कान्या म्हणजे बियरचा छोटा ग्लास.) कुणाला त्यात उद्धटपणा वाटत नाही, कारण बारवाला स्वतःच तुम्हाला 'दिमे' म्हणतो, म्हणजे 'सांग'. त्याने हुकूम केला, तुम्ही हुकूम केलात, फिटंफाट.

उद्धट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीने. आत शिरताना 'ओला' किंवा 'बुएनास' न म्हणता थेट कॉफी मागितली तर कपाळाला आठी येते. आपल्याकडे टपरीवाल्याला कुणी नमस्कार करून चहा मागत नाही, इथे करतात. 'पोर फावोर' आणि 'ग्राथिआस' मात्र इंग्रजांसारखे वाक्यावाक्याला पेरत नाहीत. नम्रपणा सगळा आवाजात असतो.

जीभ रेटतच नसेल तर प्रश्न करायचा: 'मे पोनेस उन काफे?' मला कॉफी देतोस का? हेही तितकंच चालतं. पैसे द्यायचे असतील तर 'कुआन्दो पुएदास, मे कोब्रास'. तुला जमेल तेव्हा माझे पैसे घे. हे 'कुआन्दो पुएदास' आजच पाठ करून टाका. वेटर चार टेबलं सांभाळत धावत असताना या दोन शब्दांनी जेवढं काम होतं तेवढं बाकी कशानेच होत नाही.

मग तो आत स्वयंपाकघराकडे ओरडतो, 'मार्चान्दो उना दे ब्राबास!' म्हणजे एक प्लेट तिखट बटाटे निघाले. (तिखट हा शब्द स्पेनच्या मापाने घ्यावा.)

शिकवणीवाली

नळस्टॉपची, रूपं पाठ होतायत म्हणालात म्हणून थोडं व्याकरण. इथे कुणी एवढ्यावर पळून जाणार नाही अशी आशा आहे.

स्पॅनिशमध्ये 'तू'चा होकारार्थी हुकूम म्हणजे वर्तमानकाळातलं 'तो'चं रूप जसंच्या तसं. तो खातो, एल कोमे. तू खा, कोमे. तो घेतो, एल तोमा. तू घे, तोमा. आदरार्थी 'उस्तेद'साठी शेवटचा स्वर उलटतो. कोमे-चं कोमा, तोमा-चं तोमे, बेबे-चं बेबा. अनेकवचनी 'उस्तेदेस' असेल तर त्याला न जोडायचा: कोमान, तोमेन. 'सिर्वान्से' त्यातलंच, मंडळी वाढून घ्या.

आपली गंमत अशी की मराठीत 'खा' तूलाही चालतं आणि तुम्हीलाही. घे-घ्या, ये-या, बस-बसा असा फरक बऱ्याच ठिकाणी आहे, 'खा'मध्ये मात्र नाही. त्यामुळे माझे विद्यार्थी कोमे आणि कोमा यांत हमखास घसरतात. त्यांना मी 'जेव' आणि 'जेवा' धरायला सांगते.

नकारात सगळ्यांचेच स्वर उलटतात. नो कोमास, खाऊ नकोस. नो कोमा, खाऊ नका. आपणही नकारात 'नको खा' म्हणत नाही, 'खाऊ' असं वेगळं रूप करून पुढे नकोस लावतो, तेव्हा यात फार परकं वाटून घेऊ नका. सर्वनामं मात्र जागा बदलतात. होकारात मागे चिकटतात, कोमेलो, ते खा. नकारात पुढे जाऊन सुटी उभी राहतात, नो लो कोमास.

'तू'ची आठ रूपं नियम पाळत नाहीत: दी, आथ, बे, पोन, साल, से, तेन, बेन. सांग, कर, जा, ठेव, बाहेर निघ, हो, धर, ये. यातली दी, आथ, पोन, तेन आणि बेन ही पाच स्वयंपाकघरातच राहतात, म्हणून जेवणाच्या टेबलावर आज्ञार्थ लवकर पक्का होतो.

अवांतर: 'साल' म्हणजे 'निघ' आणि 'साल' म्हणजे मीठही. 'पासामे ला साल', मला मीठ दे, हे वाक्य पहिल्या आठवड्यात लागेलच. आणि 'निघ' या अर्थाच्या साल-ला 'ले' हे सर्वनाम जोडलं तर बोलता येतं पण लिहिता येत नाही. दोन ल शेजारी आले की स्पॅनिश वाचणारा त्याचा 'य' करतो. रिआल अकादेमियानेच (स्पॅनिश भाषेची अधिकृत संस्था) सांगितलंय की हे रूप लिहिण्याची सोय नाही.

रिकामटेकडा

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी? मेनू कार्डावर बोट ठेवायचं, 'किएरो एस्तो' म्हणायचं, विषय संपला. फोनमध्ये भाषांतर आहेच.

शिकवणीवाली

रिकामटेकडा, 'किएरो' म्हणजे 'मला पाहिजे'. लहान मुलं म्हणतात तसं. तिशीतल्या माणसाने वेटरकडे बघून 'मला हे पाहिजे' म्हटलेलं कसं ऐकू येतं ते स्वतःच म्हणून बघा. हुकूम परवडला. फार तर 'किसिएरा' म्हणा, पण बारमध्ये ते जरा इस्त्री केलेलं वाटतं.

आणि फोनला कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय हे कळत नाही. तो कधी तू करतो, कधी तुम्ही, एकाच परिच्छेदात.

तांबडा_पांढरा

माद्रिदवाल्यांचं सगळं खरं, पण मेक्सिकोत हे असलं बोलू नका. मी ग्वादालाहाराला असतो, मूळ गाव कोल्हापूर. हितं 'पोन्मे' कोण म्हणत नाही. टाकोच्या गाडीवर उभं राहायचं आणि 'मे दा त्रेस दे पास्तोर, पोर फावोर'. मला तीन पास्तोर (डुकराच्या मांसाचे टाको) देता का. किंवा 'देमे त्रेस', पण तेही उस्तेदचं रूप. गाडीवाला विचारणार 'कोन तोदो?' म्हंजे कांदा-कोथिंबीर टाकू का. हो म्हणा. पैसे शेवटी. किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं, तो विश्वास ठेवतो.

हितली माणसं लय मऊ बोलतात. तुम्ही हाक मारली तर 'काय?' म्हणत नाहीत, 'मान्दे' म्हणतात. आज्ञा करा! पोरगं आईला 'मान्दे', दुकानदार गिऱ्हाइकाला 'मान्दे'. आणि सगळ्याला लहान करून बोलायचं. काफे नाही, काफेसितो. टाको नाही, ताकितो. 'ताकितो खाऊन जा' म्हटल्यावर एक समजू नका, सहा होतात.

दोस्तांच्यात मात्र हुकूमच. 'एन्त्राले!' म्हंजे घुस, सुरू कर. ताट पुढं आलं, पोरं बसली, कुणीतरी 'एन्त्राले' म्हणतंच.

आणखी एक. हॉटेलातनं उठून जाताना शेजारच्या टेबलाकडं बघून 'प्रोबेचो' म्हणायचं. ओळख असू दे नसू दे. ते 'ग्रासिआस' (स्पेनमधलं ग्राथिआस) म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं ह्यो मला वळखतो का काय.

तिखटाचं सांगतो. 'पिका?' विचारलं आणि त्यानं 'नो पिका' म्हटलं तरी जपून. मेक्सिकन माणसाचं 'नो पिका' आणि स्पेनच्या माणसाचं 'पिका मुचो' ह्यात आपल्या गावचा सरासरी तिखटपणा कुठंतरी मधी बसतो. मला चाललं, माझ्यासंगती आलेल्या मुंबईच्या पोरांना नाही. पण बिर्रिया खाल्ली नसेल तर जन्म फुकट. बकऱ्याचं मटण, वर लाल कटाची वाटी. तांबड्या रश्श्याचा सख्खा भाऊ.

कारभारी_माद्रिद

'पिका'वरून आठवलं. नळस्टॉपचीने पिकार विचारलं होतं. हे एकच क्रियापद तीन कामं करतं. 'एस्तो पिका', हे झोंबतं, तिखट आहे. 'पिका ला थेबोया', कांदा बारीक चिर. आणि 'बामोस आ पिकार आल्गो', चल, काहीतरी चरूया. तिसरं इथे फार चालतं. मित्र रात्री आठला भेटले की जेवत नाहीत, चरतात. बटाटे, ऑलिव्ह, चीज, मधोमध ठेवलेलं, सगळ्यांचे काटे त्यातच.

गालिसियात पाद्रोन गावच्या छोट्या हिरव्या मिरच्या तळून देतात. त्यांच्याबद्दलची म्हणच आहे, काही झोंबतात, काही नाही. कुठली झोंबणार ते खाल्ल्याशिवाय कळत नाही.

उंबरठा

माझा अनुभव ब्युनोस आयरेसचा. तिथे गेल्यावर क्लासमधला निम्मा आज्ञार्थ बाजूला ठेवावा लागला आणि मी फार सुखी झाले. तिथे 'तू' नाहीच, 'बोस' आहे. त्याचा हुकूम करायला क्रियापदाचा शेवटचा र काढायचा आणि शेवटच्या स्वरावर जोर द्यायचा. कोमेर-चं कोमे (जोर मे-वर), तोमार-चं तोमा, पोनेर-चं पोने, बेनिर-चं बेनी, सालिर-चं साली, देसिर-चं देसी. शिकवणीवालीताईंची ती आठ अवघड रूपं जवळजवळ सगळी सरळ झाली. फक्त 'जा'ला 'आन्दा' म्हणतात. नकारार्थी पुन्हा सगळ्यांसारखं, नो कोमास.

माते या तिकडच्या पानांच्या पेयाबद्दल सांगते, कारण यात भाषा चुकली की पेयच बंद होतं. एक भांडं, एक धातूची नळी, एक जण गरम पाणी ओतून आळीपाळीने प्रत्येकाला देतो. 'तोमा, तोमा उन माते' म्हणून तुमच्या हातात आलं की पूर्ण प्यायचं आणि भांडं परत द्यायचं. परत देताना 'ग्रासिआस' म्हणायचं नाही! ग्रासिआस म्हणजे 'मला पुरे'. पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. आपल्या चांगल्या सवयीने आपलाच घात.

आसादोला, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजून जेवण असतं त्याला, कुणीतरी ओरडतं, 'उन आप्लाउसो पारा एल आसादोर!' भाजणाऱ्यासाठी टाळ्या. क्रियापद एकही नाही, तरी सगळं टेबल टाळ्या वाजवतं.

एक सावधगिरी. स्पेनमध्ये 'कोखे एल पान' म्हणजे पाव घे, अगदी निरुपद्रवी. अर्जेंटिनात आणि मेक्सिकोत 'कोखेर' हे क्रियापद चारचौघांत उच्चारायचं नसतं. तिथे 'आगारार' किंवा 'तोमार' वापरा. कारण विचारू नका, शब्दकोश बघा.

मडगावचो

'पान' वाचून दचकायला नको. स्पेनमध्ये पान मागितलं की पाव येतो. आमच्या गोव्यातला पाव पोर्तुगीज, त्याचंच हे शेजारचं भावंड. आजोबांची पिढी पोर्तुगीजमध्ये शिकलेली, त्यांच्या तोंडी पाहुण्यांसाठी 'कोमा, कोमा' असायचं, स्पॅनिशच्या उस्तेदचं जे रूप वर दिलंय अगदी तेच. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. स्पेनमध्ये त्याला पातातास म्हणतात, समुद्रापलीकडे गेलात की पापास.

नळस्टॉपची

बाप रे, किती छान माहिती. सगळ्यांचे आभार. टाळ्यांसाठी क्रियापद लागत नाही हे मस्त.

एक शंका. पुस्तकात एके ठिकाणी 'कोमे ला सोपा' आहे आणि लगेच पुढे 'कोमेतेला'. सूपच खायचंय ना दोन्हीकडे? हा मधला 'ते' कशाला?

शिकवणीवाली

हा माझा आवडता भाग आहे, आणि मराठी माणसाला तो इंग्रजी माणसापेक्षा पटकन कळतो. 'कोमे' म्हणजे खा. 'कोमेतेलो' म्हणजे खाऊन टाक. संपव. ताटात उरता कामा नये. स्पॅनिश आई 'कोमेतेलो तोदो' म्हणते तेव्हा ती 'सगळं खाऊन टाक' म्हणत असते, आणि तिचं लक्ष ताटाकडे असतं. म्हणून हे रूप ठरावीक, मोजता येईल अशा गोष्टीबरोबर येतं: ही पोळी, ते सफरचंद, तुझं सूप. नुसतं 'मी भात खातो' अशा सवयीच्या वाक्यात येत नाही.

'कुणी खाल्लं?' असं रिकाम्या डब्याकडे बघून विचारायचं असलं तरी हेच. 'किएन से लो आ कोमिदो?' कुणी खाऊन टाकलं?

बाकीची क्रियापदं. तोमार आपल्या 'घेणे'सारखं वापरा, फारसं बिघडणार नाही. चहा घ्या, औषध घ्या, नाश्ता घ्या, सगळीकडे तोमार चालतं. पाणी, दारू यांना बेबेर आहे, पण अमेरिका खंडात त्यासाठीही तोमारच जास्त. नुसतं 'तोमा' म्हटलं तर दारू पितो असाही अर्थ निघतो. आपल्याकडे 'तो घेतो' म्हटलं की जसं सगळे गप्प होतात.

आणि स्पेनमध्ये कोमेर म्हणजे खाणेही आणि दुपारचं जेवणही. दुपारी तीनला 'आस कोमिदो?' म्हणजे 'जेवलीस का?' रात्री तोच प्रश्न 'आस थेनादो?' होतो. आपल्याला दोन्ही वेळा जेवणच, त्यांना नाही. सकाळचं देसायुनार, संध्याकाळी मुलांचं खाणं मेरेन्दार.

तांबडा_पांढरा

आणि देशागणिक घोळ! हितं कोमिदा म्हंजे दुपारी दोन ते चारचं मोठं जेवण. बोगोताचा एक सहकारी आहे, त्याच्याकडं कोमिदा म्हंजे रात्रीचं. चिलेवाला संध्याकाळी 'ओन्से' घेतो, म्हंजे 'अकरा', वाजलेत किती तर सहा-सात! चहा, पाव, आवोकाडो. आवोकाडोला हितं आग्वाकाते म्हणत्यात, चिलेत पाल्ता.

कोलंबियाची माणसं कॉफी मागताना 'मे रेगाला उन तिन्तो' म्हणतात. मला एक तिन्तो भेट देता का! पैसे देतातच, भेट फक्त बोलण्यात. आणि तिन्तो म्हंजे तिकडं काळी कॉफी. माद्रिदला तिन्तो मागितला तर?

कारभारी_माद्रिद

रेड वाइन. सकाळी नऊला मागितलात तरी देतील, कुणी वळूनही बघणार नाही.

अबोली_

बोगोतात आम्ही काही काळ राहिलो होतो, तिथलं एक सांगायचं राहू नये म्हणून लिहितेय. तिथे घरातसुद्धा उस्तेद चालतं. शेजारीण आपल्या छोट्या मुलाला 'कोमा, मिखो' म्हणायची. तुम्ही खा, बाळा! कोस्ता रिकातही मित्रामित्रांत उस्तेद असतं. तेव्हा 'उस्तेद म्हणजे अंतर' हे क्लासमधलं समीकरण सगळीकडे लागू पडत नाही. आपल्याकडेही लाडात आलेली आई 'या साहेब, बसा, जेवा आता' म्हणतेच ना शेंबड्या पोराला.

स्पेनमध्ये बरोबर उलट. तिथे तू फार लवकर येतं. बँकेत, दुकानात, डॉक्टरकडेसुद्धा. वयस्कर माणसांशी उस्तेदने सुरुवात करावी, ती स्वतःच 'तू म्हण' म्हणतात.

नळस्टॉपची

शाकाहाराचं कुणीच बोललं नाही अजून. :(

कारभारी_माद्रिद

ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथे 'सोय वेखेतारिआनो' एवढ्याने काम होत नाही. रोजच्या बोलण्यात कार्ने म्हणजे गाय, डुक्कर असलं मांस. हॅम, ट्यूना, कधी कधी चिकनसुद्धा त्यात धरत नाहीत. 'कार्ने आहे का यात?' विचारलं तर 'नाही नाही, थोडंसं खामोन आहे फक्त' असं निरागस उत्तर येतं. एन्सालादा मिक्स्ता नावाच्या सॅलडमध्ये बहुतेकदा ट्यूना आणि उकडलेलं अंडं असतंच. म्हणून नाव घेऊन विचारायचं. 'येवा खामोन? येवा आतून? येवा उएबो?' यात हॅम, ट्यूना, अंडं आहे का? आणि मग 'सिन' लावून हुकूम: 'पोन्मेला सिन आतून इ सिन उएबो', ट्यूना आणि अंड्याशिवाय दे. भाजीच्या सूपमध्ये हाडांचा रस असू शकतो, तेही विचारा: 'एस काल्दो दे कार्ने?'

सासूबाईंसाठी हमखास गोष्टी: पान कोन तोमाते (पावावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ), भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या, पातातास ब्राबास (वरच्या सॉसमध्ये अंडं नाही ना हे विचारून), उन्हाळ्यात गार गास्पाचो (टोमॅटोचं न शिजवलेलं सूप). तोर्तिया मात्र अंड्याची, ती त्यांना नाही.

तांबडा_पांढरा

मेक्सिकोचंही लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडंल. हितं तोर्तिया म्हंजे मक्याची भाकरी, तिथं निर्धास्त. पण घोटलेल्या बीन्समध्ये मान्तेका असू शकतं, म्हंजे डुकराची चरबी. तांदूळ कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतोय. विचारा: 'एस्तान एचोस कोन मान्तेका?'

उंबरठा

आणि अर्जेंटिनात हाच प्रश्न विचारलात तर गोंधळ, कारण तिथे मान्तेका म्हणजे लोणी! स्पेन-मेक्सिकोत लोण्याला मान्तेकिया म्हणतात. एकच शब्द, एका देशात सासूबाईंना चालणारा, दुसऱ्यात अजिबात नाही.

सुगरण_नाही

पाककृतींचं रूप विचारलं होतं नळस्टॉपचीने. मी स्पॅनिश शिकले तीच रेसिप्या वाचून, तेव्हा हे माझं खातं.

स्पेनच्या छापील पाककृतीत बहुधा क्रियापदाचं मूळ रूप असतं, पेलार लास पातातास, म्हणजे 'बटाटे सोलणे'. दारावरचं 'एम्पुखार' (ढकलणे) त्याच जातीचं, कुणा एकाला उद्देशून नसलेली सूचना. 'नो फुमार' (धूम्रपान नको) पण तसंच. कुठे कुठे 'से पेलान लास पातातास' असतं, बटाटे सोलले जातात. हे मला आपल्या जुन्या पुस्तकांतल्या 'कांदा चिरून घ्यावा, फोडणीस टाकावा'च्या सगळ्यात जवळचं वाटतं. व्हिडिओत मात्र सगळे 'तू'वर येतात.

सरावासाठी तोर्तिया दे पातातास घ्या, सगळा आज्ञार्थ त्यात येतो. पेला लास पातातास, बटाटे सोल. कोर्तालास, ते पातळ चिर. एचालेस साल, त्यांना मीठ लाव. फ्रिएलास, ऑलिव्ह तेलात मंद आचेवर तळ, कुरकुरीत नाही करायचे, मऊ राहिले पाहिजेत. बाते लोस उएबोस, अंडी फेट. मेथ्क्लालो तोदो, सगळं एकत्र कर. देखालो रेपोसार, थोडं मुरू दे. मग तव्यात ओत आणि कडा धरल्या की दाले ला बुएल्ता, उलट. उलटायला तव्यावर मोठी ताटली उपडी ठेवायची आणि एका झटक्यात फिरवायचं. इथे व्याकरणापेक्षा मनगट महत्त्वाचं.

कांदा घालायचा की नाही यावर स्पेनमध्ये आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत काकडी घालावी का यापेक्षा मोठी भांडणं होतात. कांदावाल्यांना थेबोयिस्तास म्हणतात, विरोधकांना सिनथेबोयिस्तास. मी कांद्याच्या बाजूने.

कारभारी_माद्रिद

+१ कांदा.

रिकामटेकडा

कांदा नको. (धाग्यात एक तरी विरोधी मत हवं.)

शिकवणीवाली

अनेक मुलांना एकदम जेवायला बोलवायचं तर पुस्तकात 'कोमेद' दिलेलं असतं. स्पेनमध्ये घरोघरी ऐकू येतं 'कोमेर', किंवा नुसतं 'नीन्योस, आ कोमेर!' पहिलं व्याकरणवाल्यांना चालत नाही, दुसरं शुद्ध आहे. जनता असा रेटा लावते तेव्हा अकादमी कधी कधी नमतेही. 'तुम्ही जा'साठी लोक पिढ्यानपिढ्या 'इरोस' म्हणत होते, शुद्ध रूप 'इदोस' कुणी म्हणेना, शेवटी 2017 मध्ये 'इरोस'ला मान्यता दिली. 'कोमेर'ला अजून नाही. तुम्ही 'आ कोमेर' म्हणा.

जेवायला सुरुवात करणाऱ्यांना 'के आप्रोबेचे', किंवा 'बुएन प्रोबेचो'. 'अंगी लागो' यासारखंच. पहिल्यात हुकूम थेट नाही, 'के' लावून इच्छा केलीय.

नळस्टॉपची

शेवटची शंका. घरमालकीण फोनवर फार गोड बोलली, आल्यावर घरी जेवायला बोलावणार म्हणाली. तिने तिसऱ्यांदा वाढायला घेतलं तर नाही कसं म्हणायचं? आणि किती वाजता जायचं?

अबोली_

'नो, दे वेरदाद, नो पुएदो मास'. खरंच नको, आता शक्य नाही. आणि लगेच 'एस्ताबा बुएनिसिमो', फार छान झालं होतं. पहिलं 'नो, ग्राथिआस' कुणी मनावर घेत नाही, आपल्यासारखंच. दुसऱ्या नकाराला थांबतात. जाताना पेस्ट्रीच्या दुकानातून काहीतरी बांधून न्या.

पायेयावाला

उशिरा आलो, पण व्हॅलेन्सियात राहणारा मी एकटाच दिसतोय इथे.

घरमालकीण 'आ कोमेर' म्हणाली तर दुपारी दोन-अडीच. 'आ थेनार' म्हणाली तर रात्री नऊच्या पुढे. पण ती 'आ आल्मोर्थार' म्हणाली तर पुस्तकातला 'दुपारचं जेवण' हा अर्थ विसरा, सकाळी दहाच्या सुमाराला जा. इथे तो जेवणाचा स्वतंत्र प्रकार आहे, वालेन्सियानोत, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेत, त्याला एस्मोर्सारेत म्हणतात. लांबलचक भरलेला पाव, ऑलिव्ह, शेंगदाणे आणि शेवटी क्रेमाएत, म्हणजे रम पेटवून केलेली कॉफी. सासूबाईंना साधी कॉफी सांगा.

पाट्या दोन्ही भाषांत असतात, आणि 'बुएन प्रोबेचो'च्या जागी 'बोन प्रोफित' ऐकू येईल. उत्तर 'ग्राथिआस' दिलं तरी चालतं, 'ग्रासिएस' दिलंत तर घरमालकीण खूश होईल.

पायेया, म्हणजे इथला भाताचा प्रकार, रविवारी दुपारी असते, रात्री नाही. पारंपरिक पायेयात कोंबडी आणि ससा असतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. 'पायेया दे वेरदुरास' म्हणून भाज्यांची करतात, पण तिच्यासाठी रस कशाचा वापरला ते विचारा. मध्यवर्ती बाजाराच्या आसपास जागा बघताय का? असाल तर सोमवार ते शनिवार सकाळी बाजार चालू असतो, भाजी तिथूनच घ्या. भाजीवाल्याला 'पोन्मे मेदियो किलो' म्हणालात तरी तो 'दिमे, गुआपा, के मास?' असंच म्हणणार. सांग, सुंदरी, आणखी काय? हे तो सासूबाईंनाही म्हणेल, त्यांना आधी कल्पना द्या.